कोपराला जागा

सोमवार, ८ डिसेंबर १९५८. सकाळी सव्वासात वाजता वडशात, स्टेशनमागच्या वस्तीत, शेजारणीच्या कोंबडीने मनकर्णा भोयरच्या कुडावर वाळत घातलेली कापडाची एक लहान गोल पिशवी चोचीने फोडली. पिशवीतलं जवस अंगणात सांडलं. कोंबडीने हाक मारल्यासारखा आवाज केला आणि तिची पाच पिल्लं जेवायला आली.

मनकर्णा खराटा घेऊन धावली तोवर कोंबडीची मालकीण रुखमाबाई कूड ओलांडून आत आली होती. तिने कोंबडी हाकलली, फाटकी पिशवी उचलली आणि उलटसुलट करून पाहिली. पिशवीचा आकार लपण्यासारखा नव्हता. तीन महिने जी गोष्ट नवऱ्याखेरीज कुणाला दाखवली नव्हती, ती आता शेजारणीच्या हातात होती.

रुखमाबाईने पिशवी नाकाजवळ नेली. दोन दाणे बोटांत चुरले.

"जवस काऊन भरलं व, मनकर्णे? घामानं चिकटते ना ते."

"धान भरलं होतं आधी," मनकर्णा म्हणाली. "त्याले मोड आले."

रुखमाबाईने काही क्षण तोंड घट्ट मिटून धरलं. मग ती अंगणातच खाली बसली आणि पदर तोंडात कोंबून हसली. मनकर्णालाही हसू आवरेना. ऑगस्टात नागपूरला गेल्यापासून ती अशी हसली नव्हती.

झालं होतं ते असं. डाव्या छातीत गाठ लागली म्हणून ऑगस्टात लटारूने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, तिला छोट्या गाडीने नागभीडला आणि तिथून गाडी बदलून नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी डावा स्तन आणि काखेतल्या गाठी काढल्या. जखम भरली. हात वर जाईना, तेव्हा भिंतीवर बोटांनी चढायचा व्यायाम सांगितला. घरी आल्यावर मनकर्णा रोज भिंतीपाशी उभी राहून बोटं चढवी आणि पोचतील तिथे कोळशाची रेघ ओढी. डिसेंबरात ती रेघ चुलीवरच्या फळीपर्यंत आली होती.

निघताना वॉर्डातल्या वच्छला नर्सने जाळीच्या कापडात कापूस गुंडाळून एक गोळा दिला होता आणि चोळीच्या आत ठेवायला सांगितला होता. गोळा मऊ होता, पण कापसाला वजन कुठलं? सकाळी जागेवर ठेवला की दुपारी तो गळ्याशी येई. लोकांपुढे मनकर्णा हळूच पदराआडून त्याला खाली ढकली. तो पुन्हा वर येई.

म्हणून तिने धान भरलं. तांदळात सोंडे होतात, धानात सहसा होत नाहीत, एवढा विचार त्यामागे होता. वजन बरं होतं. टोचत होतं, ते तिने कापडाची आणखी एक घडी घालून भागवलं. मग एकदा पिशवी धुवायला काढली. दोरीवर लोंबताना ती कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून लटारूने उचलली, ओल्या पोत्यात गुंडाळली, तणसात म्हणजे धानाच्या पेंढ्यात ठेवली आणि वर दगड ठेवला. लटारू जन्माचा धानकरी. पेरणीच्या बियाण्याला मोड आणायचे असतील तर याहून वेगळं कुणी काही करत नाही. हाताला जी सवय, ते हाताने केलं. तिसऱ्या दिवशी मनकर्णाने पोतं उघडलं तर पिशवीतून पांढरे मोड बाहेर आलेले. लटारूने ते पाहिले आणि एवढंच म्हटलं, की बियाणं चांगलं होतं.

मग जवस. थंड, गुळगुळीत, अंगाबरोबर हलणारं. पण घाम लागला की चिकट, म्हणून पुन्हा धुणं, आणि म्हणून कोंबडी.

रुखमाबाईचं हसू थांबल्यावर तिने विचारलं ते मात्र खरं. एवढी खटपट कशासाठी? पदर जाड घेतला की झालं. या वयात कोण पाहतं?

मनकर्णाने आत जाऊन सूप आणलं, अंगणात बसली आणि धरून दाखवलं.

दोघी धानाच्या गिरणीत पाखडणाऱ्या. एकोणीस वर्षं पहिल्या ओळीत समोरासमोर बसून तांदूळ पाखडलेला. सूप धरताना दोन्ही कोपरं अंगाला टेकतात. उजवं जिथे टेकतं, तिथेच डावं टेकलं तर सूप सपाट राहतं आणि वाऱ्याबरोबर फक्त कोंडा जातो. आता डाव्या बाजूला कोपर टेकायला काही नव्हतं. ते फासळीपर्यंत आत जाई, सूप डावीकडे कलतं होई आणि डाव्या कोपऱ्यातून तांदूळ कोंड्यात पडे. मनकर्णा हात ताणून सूप सरळ धरायला जाई, तर काखेत ओढ बसे आणि ताल सुटे.

रुखमाबाई महिनाभर तिच्या समोर बसत होती. ताल सुटतो हे तिला दिसलं होतं. का, हे आज कळलं.

गिरणीत पाखडणारीची पारख तांदळावरून होत नाही, कोंड्यावरून होते. मुकादम दादाजी सहा तारखेला, शनिवारी, ओळीतून फिरले होते. त्यांनी प्रत्येकीच्या मागच्या कोंड्यातली एक मूठ घेतली, लिहायच्या पाटीच्या पाठीवर पसरली आणि तांदळाचे दाणे मोजले. चार-पाच दाणे कुणाच्याही मुठीत निघतात. मनकर्णाच्या मुठीत एकतीस निघाले. दादाजी रागावले नाहीत. पाटी झटकली आणि म्हणाले, पंधरा तारखेच्या सोमवारी चिन्नोर निघते, तवा पाहू.

चिन्नोर म्हणजे हंगामातला सगळ्यांत बारीक, वासाचा तांदूळ. तो पाखडायला पहिल्या ओळीत आठ जणी, चार-चार समोरासमोर, बसतात. त्यांची नावं दादाजी गिरणीच्या दारावर खडूने लिहितात आणि ती हंगामभर तशीच राहतात. ज्यांचं नाव नसतं त्या मागे बसतात, कोंडा भरतात, झाडतात. मनकर्णाचं नाव एकोणीस वर्षं आठवं होतं. तिच्या हाती आता सात दिवस होते.

रुखमाबाईने फाटकी पिशवी पदरात बांधली. म्हणाली, उद्या पत्रूकडे जाऊ.

मनकर्णा नाही म्हणाली. पत्रू शिंपी होता, पण पुरुष होता. चोळीच्या आत घालायची बॉडी शिवून घ्यायला पुरुषाकडे कसं जायचं? शिवाय बॉडी घालणाऱ्या बायका म्हणजे स्टेशनमास्तरांची बायको आणि शाळेतल्या मास्तरीणबाई. रुखमाबाईने ऐकून घेतलं आणि आठवण दिली, की वडशात बॉडी घालून सगळ्यांत जास्त वेळ कुणी काढला असेल तर तो पत्रूनेच.

ते खरं होतं. थंडीत नाटकं सुरू झाली की पत्रू राणीचं काम करी. अकरा वर्षांपूर्वी या कामासाठी काढलेली त्याची मिशी परत आली नव्हती. गावोगावच्या शंकरपटांना, म्हणजे बैलांच्या शर्यतींना, लोक बैल पाहायला दिवसा येत आणि पत्रूची राणी पाहायला मुक्काम करीत.

मंगळवारी दुपारी दोघी त्याच्या दुकानात गेल्या. रुखमाबाईने आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. मनकर्णा तेवढा वेळ टेबलावरची कात्री पाहत राहिली. पत्रूने मशीन थांबवलं. दाराचा पडदा ओढला. पत्र्याच्या पेटीतून राणीची बॉडी काढून त्याने टेबलावर पसरली. ती फिक्या गुलाबी कापडाची होती, काखेत दोनदा ठिगळ लावलेली.

"बाई, अकरा वर्षं हे माझ्या अंगावर हाय," तो म्हणाला. "हसाचं असंल तं आधी हसून घ्या. मंग कामाचं बोलू."

कुणी हसलं नाही, म्हणून त्याने स्वतःच हसवलं. पहिल्या वर्षी त्याने दोन संत्री घातली होती. तिसऱ्या अंकात राणी राजाच्या पाया पडायला वाकली तेव्हा एक संत्रं निसटलं आणि घरंगळत पेटीवाल्यापाशी गेलं. पेटीवाल्याने एका हाताने सूर धरला, दुसऱ्या हाताने संत्रं उचललं आणि अंक संपेपर्यंत सोलून खाल्लं. राणी उरलेलं नाटक एका बाजूने वळून बोलली.

"तवापासून मी दोन गोष्टी शिकलो," पत्रू म्हणाला. "खिसा पायजे, अन् वजन खाली पायजे."

मग तो कामाचं बोलला. गोळा गोल नको. पाण्याचा थेंब असतो तसा हवा, वर पातळ, खाली भरलेला. बॉडीच्या आतून खिसा हवा, म्हणजे गोळा गळ्याकडे चढणार नाही. खांद्याची पट्टी दोन बोटं रुंद, नाहीतर ती खांद्यात रुतते. मनकर्णाचा डावा हात पाठीमागे जात नाही हे त्याने ती पदर सावरत होती तेव्हाच पाहिलं होतं. म्हणून गुंड्या पुढे. आणि काखेत कापड उंच कापायचं नाही.

माप घ्यायची वेळ आली तेव्हा पत्रू स्टूल फिरवून भिंतीकडे तोंड करून बसला. पडद्याआड रुखमाबाईने सुतळीने माप घेतलं आणि प्रत्येक मापाला गाठ मारली. तो भिंतीला विचारी, ती पडद्याआडून सांगे. वण कुठून कुठे आहे, असं त्याने विचारलं तेव्हा रुखमाबाईच्या हातातली सुतळी तिथेच थांबली. तिने तो त्या क्षणी पहिल्यांदा पाहिला होता.

मनकर्णानेच उत्तर दिलं. "काखेतून निंगते. मधल्या हाडापर्यंत येते. तिरपा हाय."

"मंग शिवण तिथं नाई येनार," भिंतीकडे पाहत पत्रू म्हणाला. "खालून घेतो. तुमच्या अंगावर एक शिवण हाय, दुसरी तिच्यावर कायले?"

आत काय भरायचं, हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्या राणीत चिंध्या होत्या. धान्याचं तुम्ही जाणा, असं म्हणून त्याने मशीन पुन्हा सुरू केलं.

धान्याचं मनकर्णा जाणत होती. आठवडी बाजारात ती पोत्यापोत्यात हात घालत फिरली. मूग मोठा. मोहरी बारीक, पण फुटली की झोंबणारी. तांदळाला किडा. बाजाराच्या टोकाला कुरखेड्याकडच्या रानातल्या गावाहून आलेली धुरपता दोन टोपल्या घेऊन बसली होती. एकीत मोहाची फुलं, दुसरीत कोसरी. कोसरी हे रानातल्या गावांत पिकणारं, मोहरीएवढं बारीक धान्य. टरफलासकट ते गुळगुळीत आणि चकचकीत असतं. मनकर्णाने हात घातला. दाणे बोटांमधून पाण्यासारखे वाहिले आणि तळहाताखाली थंड, जड होऊन बसले. तिने हात काढला नाही.

धुरपताने विचारलं, किती दिवस ठेवायची आहे? चार वर्षं मडक्यात राहिली तरी हिला किडा लागत नाही. मग रुखमाबाईने हाताने उशीचा आकार दाखवला. धुरपता हसली. एवढी लहान उशी कोणाले, बाळाले का?

"कोपराले," मनकर्णा म्हणाली.

धुरपताने तिच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि वर आणखी एक ओंजळ घातली.

शुक्रवारी बॉडी आली. लटारूने लोखंडी कढई चुलीवर ठेवली आणि कोसरी स्वतः भाजली. भाजलेल्याला मोड येत नाहीत, हे त्याने बायकोला सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. पिशवी दुहेरी झाली. आत मांजरपाट, बाहेर लटारूच्या जुन्या धोतराचं मऊ कापड. कोंबडीची चोच दोन्हींतून जाणार नाही, असं रुखमाबाईचं म्हणणं होतं, आणि कोंबडी तिची असल्याने ते मानलं गेलं.

वजन किती, हा प्रश्न उरला. तो मनकर्णाने सुपाने सोडवला. ती अंगणात बसली, सूप धरलं, सुपात पितळेची थाळी ठेवली आणि लटारूला थाळीत पाणी ओतायला सांगितलं. खिसा रिकामा असताना पाणी डावीकडच्या काठावरून सांडलं. लटारूने एक मूठ कोसरी पिशवीत घातली. पाणी डावीकडेच. दोन, तीन, चार. प्रत्येक मुठीनंतर ती पिशवी खिशात सारी, कोपरं टेकवी, आणि तो जमिनीवर आडवा होऊन पाण्याची रेघ पाही. पाचव्या मुठीला पाणी जवळजवळ सरळ आलं. त्याने आणखी अर्धी मूठ घातली. पाणी थाळीत स्थिर राहिलं.

तो तसाच आडवा पडून म्हणाला, "लय दिवसांनी सपाट बसली तू."

मनकर्णाने थाळीतलं पाणी त्याच्या अंगावर ओतलं.

बॉडीत एक चूक निघाली. डावी बाजू नेमकी बसली होती, पण उजवी ढगळ होती. पत्रूने डावीकडे सगळं लक्ष लावलं आणि उजवी सवयीने आपल्याच मापाची कापली. रुखमाबाई म्हणाली, अर्धी मनकर्णा झाली, अर्धी राणी. रविवारी पत्रूने उजवी बाजू उसवून पुन्हा शिवली आणि रुखमाबाईच्या समोर दोनदा कबूल केलं, की राणी जरा अंगाने भरलेली आहे.

सोमवारी, १५ डिसेंबरला, सकाळी आठ वाजता चिन्नोरचं पहिलं पोतं उघडलं. मनकर्णा आठव्या जागेवर बसली. समोर रुखमाबाई. पहिल्या चार सुपांत मनकर्णाने तांदळाकडे पाहिलंच नाही. कोपर टेकतं की नाही एवढंच पाहिलं. टेकत होतं. पिशवी हातासरशी थोडी दबे आणि परत भरे. पाचव्या सुपाला ताल लागला. समोरच्या सुपाचा आणि तिच्या सुपाचा आवाज एक झाला, तेव्हा रुखमाबाईने मान वर न करता नुसती भुवई उडवली.

दहाला दादाजी पाटी घेऊन आले. रुखमाबाईच्या मुठीत पाच दाणे निघाले. मनकर्णाची मूठ त्यांनी पसरली, मोजली, पुन्हा मोजली. तीन. त्यांनी दुसऱ्या जागेवरून आणखी एक मूठ घेतली. त्यातही तीन. मग ते उकिडवे बसले आणि विचारलं, की नऊ दिवसांत काय केलं.

मनकर्णाने सूप खाली ठेवलं. ही वेळ येणार हे तिला ठाऊक होतं. हात दुखत होता, असं सांगता आलं असतं. तेवढ्यावर भागलंही असतं.

"दादाजीभाऊ, नागपूरले माझी डावी छाती काढली," ती म्हणाली. "कोपर कुठी टेकावं ते समजे नाई. आता तिथं कोसरी भरली हाय. टेकते."

ओळीतली सुपं एकेक करून थांबली. दादाजी साठीचे होते, तीन मुलींचे बाप. त्यांनी पाटीकडे पाहिलं, कारण दुसरं पाहण्यासारखं काही त्यांना सापडलं नाही.

"मंग आधी काऊन नाई सांगतलं?"

"तुमी कोंडा पायता, भाऊ. बाईले कोण विचारते?"

मागच्या ओळीत कुणीतरी फिसकन हसलं. दादाजींनी तिकडे वळून पाहिलं नाही. ते उठले, म्हणाले, दुपारी पुन्हा मोजतो, संध्याकाळी पुन्हा, आणि गेले. ते गेल्यावर तिसऱ्या जागेवरच्या बाईने सगळ्यांच्या वतीने विचारलं, की कोसरी टोचत नाही का. त्यानंतर अर्धा तास पहिल्या ओळीत तांदळाखेरीज सगळ्या धान्यांची चर्चा झाली.

दुपारी मनकर्णाच्या मुठीत चार दाणे निघाले. संध्याकाळी अकरा. दिवसभराच्या कामाने डावा हात सुजला होता आणि शेवटच्या तासाला कोपर टेकूनही सूप उचलेना. दादाजींनी अकरा हा आकडा पाटीवर लिहिला आणि तो पुसला नाही.

मंगळवारी सकाळी गिरणीच्या दारावर खडूने सात नावं होती. आठवा आकडा होता. पुढे नाव नव्हतं. मनकर्णाने विचारलं, मी कुठे बसू? दादाजी म्हणाले, बसते तिथं बस.

ती तिथे बसते. वच्छला नर्सला रुखमाबाईच्या मुलीकडून पत्र लिहवलं होतं. तिचं उत्तर आलं. सूज आली की दुपारी हात पोत्यावर उंच ठेवून पडायचं, असं त्यात होतं. आणि वॉर्डात आणखी दोन बायका आहेत, त्यांच्यासाठी बॉडीचा नमुना आणि थोडी कोसरी पाठवता येईल का, असंही होतं. एक वर्ध्याची आहे, दुसरी दळण दळते. पत्रूने दोन बॉड्या बेतल्या. दळणारीचा उजवा स्तन गेला आहे हे वाचून त्याने खिसा उजवीकडे घेतला आणि या खेपेला दोन्ही बाजू दोनदा मोजल्या. उरलेली कोसरी त्याने स्वतःकडे ठेवून घेतली. शनिवारच्या नाटकात राणी वाकली, उठली, धावली आणि जागच्या जागी राहिली. पेटीवाला शेवटपर्यंत तिच्याकडे आशेने पाहत होता, असं लटारू सांगतो.

नागपूरचं पार्सल मंगळवारच्या गाडीने गेलं. पोचल्याचं पत्र अजून नाही. उन्हाळ्यात घामाने कोसरीचं काय होतं, तेही अजून माहीत नाही. मनकर्णा दुपारी अर्धा तास हात उंच ठेवून पडते. तिच्या संध्याकाळच्या मुठीत शुक्रवारी आठ दाणे निघाले, शनिवारी सहा.

रविवार, २८ डिसेंबरच्या संध्याकाळपर्यंत दारावर आठव्या आकड्यापुढे नाव लिहिलेलं नव्हतं. खडू दादाजींच्या खिशात आहे.